पाचवा पाय

स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरच्या त्या गावात गर्झीच्या विणकामाला तोड नव्हती. बंदरावरचा दुकानदार तिचे स्वेटर डोळे झाकून घ्यायचा. पण तिच्या नातीला, पाच वर्षांच्या ऑस्लाला, चांदण्याफुलांची नक्षी नको होती. तिला स्वेटरवर मेंढी हवी होती, आणि तीही तिची स्वतःची, बाटलीनं दूध पाजून वाढवलेली काळी. तिनं कागदावर मेंढी काढून आजीच्या हातात ठेवली.

गर्झीनं चौकटींच्या वहीत चित्र उतरवून घेतलं. मेंढीला पाच पाय होते. पोरीला अजून मोजता येत नाही असं समजून तिनं एक पाय गुपचूप गाळला. आठ दिवसांत स्वेटर विणून झाला. सुटे धागे आतून दडवून, कोमट पाण्यात धुऊन, तिनं तो लाकडी चौकटीवर ताणला आणि शेगडीपाशी वाळत ठेवला.

दुसऱ्या दिवशी ऑस्ला शाळेतून आली ती थेट चौकटीपुढं जाऊन उभी राहिली. बोट लावून तिनं पाय मोजले आणि तिचा चेहराच उतरला. तिची आई मायमा समजूत घालू लागली, मेंढीला चारच पाय असतात म्हणाली. पोर चौकटीपुढून हलेना.

शेवटी गर्झीनं तिला मांडीवर घेतलं. "पाचवा कुणाचा गं बाई?"

"माझा," ऑस्ला म्हणाली. "मी मागं उभी आहे ना, तिला धरून."

इतकी वर्षं विणलं, पण चित्र काढणारीला विचारून बघावं हे काही गर्झीला सुचलं नव्हतं.

उसवायचं तर छातीपर्यंत सगळं काढावं लागलं असतं. तिनं बोथट सुईत लाल लोकर ओवली आणि विणीवरूनच टाक्यावर टाका भरत मेंढीच्या पोटाखाली एक पाय उतरवला. बूट कुठं यायला हवा ते ऑस्ला शेजारी बसून दाखवत होती.

तेवढ्यात शेजारची लीबी डोकावली. पाच पाय बघून तिनं गर्झीला विचारलं, चष्म्याचा नंबर वाढला की काय.

"नंबर तू तपासून घे," गर्झी म्हणाली. "मागं आमची पोर उभी आहे, ती दिसत नाही होय तुला?"

ऑस्लानं तिथंच स्वेटर अंगात घातला. बाह्या लांब होत्या, दोनदा दुमडाव्या लागल्या. मग ती मेंढीला दाखवायला पळाली, दार सताड उघडं टाकून. वारा आत आला, तरी गर्झी ते लावायला उठली नाही.