सतरा नंबरची बटणे

“हे तुटलेलं नाही, तोडलंय,” बटणवाल्या बाई म्हणाल्या. माझ्या कोटाचे बटण त्यांनी डोळ्यांजवळ धरले होते. “ब्लेडनं कापलंय. वर त्याला चीरही पाडलीत. पुस्तकवाले, कोणाशी मारामारी केलीत?”

त्यांच्या समोरच्या सोळा नंबरात जुन्या पुस्तकांचे दुकान चालवून मला एकतीस वर्षे झाली. तेवढ्या काळात सतरा नंबरात मी निमित्ताशिवाय पाऊल टाकलेले नाही. आज जाणे भाग होते आणि निमित्त नव्हते. म्हणून सकाळी मीच ते बटण कापले.

आमच्या गल्लीवर काचेचे छप्पर आहे. फार पूर्वी कोणा हौशी माणसाने दोन रस्त्यांमधला बोळ विकत घेतला, दोन्ही अंगांना बारा बारा दुकाने बांधली आणि वर लोखंडी कमानींवर काचा बसवल्या. दारावर अजून पाटी आहे : ‘आत छत्री उघडू नये.’ छपराचा अपमान होतो म्हणून असावी. मला खात्री नाही. काचांवरच्या धुळीतून ऊन गाळून येते आणि दुपारी पाण्याच्या तळाशी बसल्यासारखे वाटते. माणसाच्या आधी त्याची पावले येतात. बाईंची एक पाऊल लांब, एक आखूड, अशी येत. ती ऐकली की मी पुस्तकात खूण घालून ठेवी. वाचन पुढे जात नसे.

बाईंच्या दुकानात भिंतभर लाकडी खण होते, दोनशेच्या वर. प्रत्येक खणाच्या तोंडावर आतल्या बटणाचा एक नमुना दोऱ्याने शिवलेला. लोक एक बटण घेऊन येत आणि त्याचा जोडीदार मागत.

गल्लीची डागडुजी करायला सरकारी कार्यालयाची माणसे आली, तेव्हा त्यांना कोणीतरी माझ्या वहीबद्दल सांगितले. गल्लीचा इतिहास मी बरीच वर्षे लिहीत होतो, कोणाला न दाखवता. नियम असा निघाला की जे दुकान पहिल्या दिवसापासून तोच धंदा करत असेल ते राहील, बाकीच्यांनी जागा सोडायची. माझ्या दुकानाचा पुरावा पक्का होता. सतरा नंबरची पहिली दहा-अकरा वर्षे मात्र कुठल्याच कागदात सापडली नाहीत. त्यांनी मागितलेल्या यादीत मी लिहिले : ‘बटणे, बहुधा सुरुवातीपासून.’

काल बाईंना जागा सोडण्याचे पत्र आले. ते आता त्यांच्या कात्रीखाली दाबलेले होते.

“बाई, ते पत्र माझ्यामुळे आलं.”

“माहितीय.”

“मी ‘बहुधा’ लिहिलं.”

“तुम्ही जेवलात का विचारलं तरी ‘बहुधा’ म्हणता. त्यात नवीन काय?”

“शुक्रवारी यादी पक्की होणार आहे. त्याआधी जाऊन सांगतो, कागद सापडला म्हणून. तेवढा शब्द खोडून टाकतो.”

“सापडला कागद?”

“नाही.”

तेवढ्यात एक नर्स घाईघाईने आत आली. वडिलांच्या स्वेटरचे निळे बटण तिने काउंटरवर ठेवले. बाईंनी तीन खण उघडले, बटणे उजेडाला धरून पाहिली आणि मान हलवली.

“नाही जुळत.”

“अहो मावशी, हे काय, आहे ना! जवळपास चालेल. कोण बघतंय?”

“घालणारा बघतो ना, बाळा. पाचही बदल, नाहीतर चार दिवस दे मला.”

“विकायचंच नसेल तर दुकान उघडता कशाला?” असे म्हणत ती गेली.

“तुमचे ऑफिसवालेही तेच विचारतायत,” बाई मला म्हणाल्या. मग खण लावता लावता, जणू सुईदोऱ्याबद्दल बोलावे तशा बोलल्या, “इथे आधी हातमोजे मिळायचे. बाबा सांगायचे. मोजेवाल्याचं बस्तान उठलं, त्याच्या मोज्यांची बटणं तेवढी मागे राहिली. आमच्या आजोबांनी त्यावर सुरू केलं. म्हणजे तुमचं ‘बहुधा’सुद्धा माझ्या बाजूलाच झुकलेलं होतं.”

“पण हे कोणालाच माहीत नाही.” माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. “फक्त तुम्हाला आणि मला. मी लिहिलं तर तेच खरं धरतील.”

“चाळीस वर्षं लोकांना परत पाठवतेय मी. जवळपास आहे म्हणून एक बटण दिलं नाही. आता स्वतःसाठी देऊ?”

“मग जाल कुठे?”

“भाचीकडे. तिच्या घरात सगळ्यांच्या कपड्यांना चेनी आहेत. आराम आहे म्हणायचा.” त्या हसल्या आणि लगेच म्हणाल्या, “कोट काढा. हे चिरलेलं बटण आता टिकायचं नाही.”

मी स्टुलावर बसलो. बाई माझ्याकडे पाठ करून खणांसमोर उभ्या राहिल्या, बराच वेळ. कात्रीचा एक बारीक आवाज झाला. वर काचेवरून एका पक्ष्याची सावली चालत गेली, आणि मला वाटले, ही दुपार अशीच राहू दिली तर कोणाचे काय बिघडेल? बाईंनी बटण लावले, खाली चार वेढे घातले आणि दोरा दातांनी तोडला.

“घ्या. परत ब्लेड लावू नका. आता मी नसेन.”

न बघताच मी कोट अंगात घातला. त्यांच्यासमोर त्यांनी दिलेली वस्तू निरखणे मला कधी जमले नाही.

शुक्रवारी मी कार्यालयाच्या पायरीपर्यंत गेलो आणि परत आलो. बाईंच्या शब्दाचा मान ठेवला की नेहमीसारखा भ्यालो, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

डागडुजी होऊन गल्ली पुन्हा उघडली तेव्हा काचा धुतलेल्या होत्या. इतका स्वच्छ उजेड मी तिथे कधी पाहिला नव्हता. सतरा नंबरात आता गल्ली बघायला येणाऱ्यांना माहिती सांगणारी एक मुलगी बसते. खण तसेच ठेवलेत, फक्त खिळे मारून बंद केलेत. मी धीर करून आत गेलो.

“हे खण अगदी सुरुवातीपासूनचे आहेत, आजोबा,” ती कौतुकाने म्हणाली. मी तिची चूक काढली नाही. “सगळी बटणं शाबूत आहेत. एवढं एकच गेलंय.”

चौथ्या ओळीतल्या एका खणाच्या तोंडावर दोऱ्याची दोन तपकिरी टोके तेवढी लोंबत होती.

मी खाली पाहिले. माझ्या कोटाचे वरून दुसरे बटण बाकीच्यांहून किंचित गडद होते. धुळीच्या उजेडात ते कळले नसते.

“तुमचं दुकान समोरचंच ना? इथे कुठलं बटण होतं, आठवतं तुम्हाला?”

“आठवतं,” मी म्हणालो, आणि कोटावर हात ठेवून तसाच उभा राहिलो.