चोचीच्या कपाचा संशय

मित्रांनो, कपबशांच्या रांगेत तुम्ही मला कधी पाहिलं नसेल. मी कपच आहे, जुना, पांढरा, काठाला निळी रेघ असलेला. पण मला किटलीसारखी चोच आहे. ज्या रुग्णाला हात उचलवत नाही, त्याच्या ओठांशी ही चोच लावायची आणि पाणी, दूध, पेज घोटाघोटानं द्यायची, हे माझं काम. लोखंडी पत्र्याला ठोकून आकार दिला, पांढरा मुलामा चढवून भट्टीत भाजलं, आणि मी जालना रस्त्यावरच्या एका इस्पितळात रुजू झालो.

माझे चांगले दिवस रत्नमाला सिस्टरांच्या हाताखाली गेले. रुग्णाच्या मानेखाली हात घालून त्या त्याला उठवून बसवायच्या आणि म्हणायच्या, "घ्या दादा, माझ्यासाठी एक घोट." मग मला धुऊन, पुसून, उपडं ठेवायच्या. "या कपानं निम्मा मराठवाडा जगवलाय," असं त्या कौतुकानं सांगायच्या आणि मला ते खरं वाटायचं. त्या निवृत्त झाल्या. नळ्या आल्या, प्लास्टिकचे पेले आले. माझा मुलामा कुठे कुठे उडाला आणि मी कपाटात मागे ढकलला गेलो. तेव्हापासून वॉर्डात नवं माणूस आलं, की मला आधी संशयच येतो.

नीरजा सिस्टर आल्या त्या मोठी परीक्षा पास होऊन. पहिल्याच दिवशी त्या सहकारी सुलेखा सिस्टरांना म्हणाल्या, "आपण शुश्रूषेच्या सिद्धांताप्रमाणे काम करून पाहू. रुग्णाला जे मुळीच जमत नाही, ते आपण करायचं. जे अर्धंमुर्धं जमतं, तिथं नुसता हात लावायचा. आणि जे जमतं, ते शिकवून आपण बाजूला व्हायचं."

सिद्धांत हा शब्द ऐकला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. बाजूला व्हायचं म्हणे! कामचुकारपणाला इतकं सुंदर नाव मी आजवर ऐकलं नव्हतं.

तेव्हा आमच्याकडे नूरमोहम्मद चाचा होते. आयुष्यभर मागावर बसून हिमरूच्या शाली विणलेला माणूस. अर्धांगाच्या झटक्यानं त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती. आता बोटं जराजरा हलू लागली होती. त्यांना घाई होती. नात युसरा हिच्या निकाहची तारीख ठरवायला चितेगावचे पाहुणे घरी जेवायला येणार होते. चाचांच्या घरची रीत अशी, की वडीलधाऱ्यानं पहिला घास घेतल्याशिवाय पाहुणे ताटाला हात लावत नाहीत. त्या माणसांसमोर बायकोच्या हातानं भरवून घ्यायचं, ही कल्पना चाचांना सहन होत नव्हती.

नीरजा सिस्टरांनी आधी चमचाभर पाणी देऊन नीट गिळता येतं का ते पाहिलं. मग चाचांना उशीला टेकवून बसवलं, खिचडीची वाटी समोर ठेवली, डाव्या हाताजवळ चमचा ठेवला आणि स्वतः हाताची घडी घालून बसल्या. मला तर कपाटाबाहेरसुद्धा काढलं नाही!

चाचांनी चमच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"खा ना चाचा. डावा हात तर चांगला आहे तुमचा."

"नक्को."

"भूक नाही?"

"नक्को बोला ना बेटी!"

खिचडी गार झाली. दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच झालं. सुलेखा सिस्टरांनी टोमणा मारला, "काय गं, तुझा सिद्धांत जेवला का? पेशंट तर उपाशीच दिसतोय."

चाचांची बायको जन्नतचाची ओढणीआड पुटपुटल्या, "हिला काम नको, दुसरं काय? लई शिकली ना!" माझ्या मनातलंच बोलल्या. त्याच दुपारी सिस्टर दुसऱ्या खाटेकडे वळल्या आणि चाचीनं मला कपाटातून हळूच काढून पेज भरली. मी किती खूश झालो म्हणून सांगू! हे रोज चालू झालं. नीरजा सिस्टरांनाही शंका आली असावी. रिकाम्या पोटाच्या माणसाचा चेहरा असा नसतो. त्या चाचीकडे पाहायच्या, चाची खिडकीबाहेर पाहायच्या.

एकदा चाचीनं घाईत चाचांना आडवंच ठेवून चोच लावली. पेज भसकन गेली आणि चाचांना ठसका लागला. चेहरा लालबुंद, डोळे पांढरे, श्वास अडकलेला. नीरजा सिस्टर धावत आल्या, त्यांना उठवून पुढे वाकवलं, पाठीवर थापा मारल्या. श्वास परत सुरू झाला तेव्हा मी अजून चाचीच्या हातातच होतो.

आता ओरडा बसणार, मला कचऱ्यात टाकणार, अशी माझी खात्री झाली. पण सिस्टर आधी चाचांजवळ बसल्या. "चाचा, हे मी आधीच विचारायला हवं होतं. डाव्या हाताचं नेमकं काय आहे?"

चाचा खोल आवाजात म्हणाले, "डाव्या हातानं जेवत नाहीत, बेटा. लहानपणी एकदा घास घेतला तर अब्बांनी हातावर चापट मारली होती. आता पाहुण्यांसमोर तोच हात ताटात घालू? त्यापेक्षा उपाशी बरा."

"अहो, मग बोलायचं ना!"

"तू विचारलंस कुठं? तू सारखी खा खाच करत होतीस."

सिस्टर म्हणाल्या, "खरंय. पुस्तकातही तेच आहे, आधी माणसाची रीतभात समजून घ्या. आमच्याकडे आजी डाव्या हातानं प्रसादही घेऊ देत नाही, आणि मी तुमच्या हातातली फक्त ताकद पाहिली."

त्यांनी चमच्याच्या दांड्याला पट्टी गुंडाळून तो जाड केला आणि चाचांच्या उजव्या मुठीत दिला. डाव्या हातानं उजवं मनगट धरायचं आणि दोन्ही मिळून वर न्यायचं. पहिला चमचा सदऱ्यावर गेला, दुसरा दाढीत. सिस्टर हात आवरून बसून होत्या. हात आवरून बसणं कष्टाचं असतं, हे मला त्यांच्या चेहऱ्याकडे बघून पहिल्यांदा कळलं. तरीही मी मनात म्हटलं, बघू या, पाहुण्यांसमोर काय होतं ते.

घरी जाण्याच्या दिवशी जन्नतचाचीनं मला गुपचूप पिशवीत टाकलं. त्यांचाही विश्वास बसला नव्हता.

पाहुणे आले. जेवणाची चादर, दस्तरखान, अंथरलं, नान आणि मटणाच्या खलियाचा वास घरभर सुटला. चाची मला ओढणीखाली घट्ट धरून दारात उभ्या होत्या. सगळ्यांचे डोळे चाचांकडे. चाचांनी खलियात मुरवलेला नानचा तुकडा चमच्यात घेतला. हात वर निघाला, थरथरला, थांबला. रस्सा टपकन चादरीवर सांडला. चितेगावच्या व्याह्यांनी पट्टी गुंडाळलेल्या चमच्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहिलं. चाची एक पाऊल पुढे आल्या.

"जन्नत," चाचा मान न वळवता म्हणाले, "तिथंच थांब."

चाची थांबल्या. उजव्या हातातला चमचा तोंडापर्यंत गेला. चाचांनी घास सावकाश चावला, गिळला आणि म्हणाले, "बिस्मिल्ला करा. थंड होतंय." व्याही हसले आणि सगळ्यांचे हात ताटांत गेले. ओढणीखाली चाचीची माझ्या कानावरची पकड सैल झाली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला वॉर्डात परत आणलं. "घे बाई तुझा कप. चोरला होता मी. काल दारात घेऊन उभी राहिले, पण लागला नाही."

"मला माहीत होतं, चाची. पिशवीतून चोच दिसत होती."

"मग अडवलं का नाही?"

"तुम्हाला धीर हवा होता. हा कपही काढून घेतला असता, तर तुम्ही दारात थांबला नसता."

मित्रांनो, माझा संशयी स्वभाव अजून पुरता गेलेला नाही. पण एक सांगतो. घरात कुणी आजारी असलं, तर भांडं त्याच्या ओठांशी नेण्याआधी त्याला विचारा, त्याच्या हाताकडे पाहा आणि थोडं थांबा. थांबणं जमलं नाही तर स्वतःवर रागावू नका. चाचीलाही ते उशिराच जमलं. आणि ज्याला खरोखरच हात उचलवत नाही, त्याला आधी बसवा, मगच माझ्यासारख्याला जवळ करा. मला धुऊन, पुसून, उपडं ठेवा. मी नसल्यानं कुणाचं अडलं नाही, असा दिवस आला तर त्याचं मला वाईट वाटणार नाही. त्या दिवशी ओढणीखालीही मला वाईट वाटलं नव्हतं.