नथीचा रोहू

मालगुजारी जाऊन दोन वर्षं झाली, तरी कलाबाईंचा तोरा गेला नव्हता. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते खरंच आहे. मी त्या घरचा दिवाणजी, तेव्हा त्या पिळात मीही होतोच.

सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावी जिल्ह्याचे साहेब दौऱ्यावर येणार होते. बाईंनी त्यांना दुपारच्या जेवणाचं आवतण धाडलं, आणि साहेब येणार म्हणून गावच्या डॉक्टरला नि ठेकेदारालाही. साहेबासाठी पाटावरची पंगत कशी चालेल? डाकबंगल्यातून टेबल-खुर्च्या बैलबंडीत घालून आणल्या. चांदीचं लांबोडं ताट बाहेर काढलं. त्यात अख्खा रोहू मांडायचा होता.

मासा आणायचा लटारू ढिवरानं. गावचा तलाव सरकारजमा झाला होता आणि लिलावाची कुणकुण होती. लटारूच्या सात पिढ्या त्या पाण्यावर जगल्या. बाई त्याला म्हणाल्या, "ताट भरन असा मासा आण. साहेबाले सांगणं माझ्याकडे. तलाव तुमचाच राहीन."

साहेब यायच्या दिवशी सकाळी लटारूची बायको भागीरथा मागच्या अंगणात चिंचेनं ताट घासत होती. तेवढ्यात साहेबांचा चपराशी चिठ्ठी देऊन गेला. दौरा रद्द. बाईंनी ती वाचून माझ्याच हातात कोंबली.

"कोणाले सांगू नोका, दिवाणजी. साहेब येत नाई म्हटलं तर ठेकेदार येईन का डॉक्टर येईन? नाक कापलं जाईन माझं."

चिठ्ठी कोटाच्या खिशात घालून मी तलावावर गेलो.

आमच्या गावच्या ढिवरांची एक रीत. नवी सून आली की जाळ्यातल्या एका माशाला तिच्या हातानं पितळी नथ घालतात आणि पाण्यात सोडतात. तो मासा तिच्या सौभाग्याचा. पुन्हा जाळ्यात आलाच तर पाया पडून सोडायचा. त्या दिवशी ताट भरेल असा एकच रोहू आला, आणि त्याच्या ओठात निळ्या मण्याची नथ होती. भागीरथाची.

लटारूनं माझ्याकडे पाहिलं. "सोडू काय जी?"

सोड म्हणायला काय जात होतं माझं? पण बाईंचा शब्द मोडायची हिंमत मला पंचवीस वर्षांत झाली नव्हती.

"वेळ होऊन राह्यला," मी म्हणालो.

मासा भागीरथानंच साफ केला. नथ पदराला बांधताना ती म्हणाली, "तलाव राह्यला तं दुसरा सोडता येईन."

दुपारी मंडळी जमली. साहेबांच्या रिकाम्या खुर्चीपुढे हार ठेवला होता. डॉक्टरला इथून बदली हवी होती, ठेकेदार बाबुलाल कशासाठी आला ते तो सांगत नव्हता. आमचे बापूजी, म्हणजे बाईंचे यजमान, जुना फेटा बांधून बसले होते आणि बंडी वाजली की उठून उभे राहत होते. "येतीलच आता," बाई म्हणायच्या आणि सगळे हसायचे. मला त्या सगळ्यांची कीव आली, माझी सोडून.

दोन वाजता बाबुलालनं माशाला हात घातला.

"साहेब कायले येतीन? मंगळवारी मी चांद्याले कचेरीतच होतो. तुमच्या तलावाचा लिलाव झाला. मलेच भेटला." त्यानं तोंडातला काटा काढला. "मासे मस्त आहेत हो."

कलाबाईंचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्यांनी हसून माशाचं डोकं त्याच्या ताटात वाढलं.

मागच्या दारी लटारू आणि भागीरथा धुतलेले कपडे घालून बसले होते.

"साहेब काय म्हनले जी?"

"साहेब आलेच नाहीत. तलाव बाबुलालला गेला." मी चिठ्ठी पुढे केली. त्याला वाचता येत नव्हतं, तरी त्यानं ती उलटसुलट करून पाहिली.

"हे कवा आली?"

"आत्ताच," मी म्हणालो.

"मंग तुमचा काय दोष जी," म्हणत तो माझ्या पाया पडला.

भागीरथा मात्र जागची हलली नाही, नुसती माझ्याकडे पाहत राहिली. सकाळी त्या चपराश्याला पाणी तिनंच दिलं होतं.