ती बाई कुठे गेली?

फिल्म क्लबमध्ये त्या चित्रपटाला नुसतं 'चित्रपट' म्हणायची सोय नव्हती. 'अभिजात' म्हणायचं, तेही शेजारच्या खोलीत कोणी आजारी असल्यासारखा आवाज उतरवून. माणसाच्या तुटलेपणावर याहून थोर काही निघालंच नाही, असं क्लबच्या सरांनी पुस्तकच लिहून ठेवलं होतं. सरांच्या बायकोला, म्हणजे सगळ्यांच्या काकूंना, तो अर्धाच माहीत होता. दरवर्षी मध्यंतराच्या जरा आधी त्या उठायच्या आणि मागच्या खोलीत सगळ्यांचा चहा टाकायच्या. कपबशा विसळून येईपर्यंत चित्रपट संपलेला असायचा.

पण तो अर्धाही पुरे होता. एक धडधाकट माणूस खिडकीशी बसतो. बसतो म्हणजे बसतोच. बायको ताट आणून ठेवते, हा बघत नाही. ती रिकामं ताट उचलून नेते, तरी बघत नाही. मग भिंत दिसते, ती इतका वेळ की आता रंगारी येणार असं काकूंना वाटायचं. एवढ्यावर सरांनी अख्खं प्रकरण खर्ची घातलं होतं. "कसलं आलंय तुटलेपण? आळशी आहे मेला," असं काकू एकदा म्हणाल्या, तेव्हा सर लहान मुलाच्या बोलण्याला हसावं तसे हसले होते.

यंदा क्लबने चहाचं यंत्र घेतलं आणि काकूंना उठायचं कारणच उरलं नाही. शिवाय यंदा त्यांना सरांच्या शेजारी बसायचंच होतं. परगावी नोकरी करणारी लेक, 'आई, तू कायमची माझ्याकडेच ये,' म्हणून मागे लागली होती. काकूंनी हे सरांच्या कानावर घातलं, तेव्हा सरांनी पुस्तकातून डोकं न काढता 'हं' केलं. त्या 'हं'चा अर्थ जा की राहा, एवढंच त्यांना आज घरी जाताना विचारायचं होतं. 'राहा' म्हणाले असते, तर त्या मुकाट्याने राहिल्या असत्या.

मध्यंतरानंतर मात्र त्या चक्रावल्या. ताट घेऊन आत गेलेली बायको परत आलीच नाही. काकू ताठ बसून तिची वाट बघत राहिल्या. तो माणूस गच्चीवर बसला, मग नदीकाठी बसला. अंगातला शर्ट दर वेळी कडक इस्त्रीचा. इस्त्री कोण करत होतं, देव जाणे! मग चित्रपट संपला.

दिवे लागले आणि चर्चा सुरू झाली. एका समीक्षकाने 'अवकाश' या शब्दाचा पार भुगा केला. एका कवीला गहिवरून आलं. तेवढ्यात काकूंनी हात वर केला. त्या हातात ट्रे नाही हे बघून सगळेच वळले.

"ती बाई कुठे गेली?"

"कोण बाई?" सरांनी विचारलं.

"अहो, त्याची बायको. ताट घेऊन आत गेली ती. मेली, माहेरी गेली, की अजून भांडी घासतेय?"

सरांनी समीक्षकाकडे बघितलं, समीक्षकाने कवीकडे. इतकी वर्षं बघून एकालाही ठाऊक नव्हतं. "अगं, तो मुद्दाच नाही," सर म्हणाले. "तो एकटा आहे, हा मुद्दा आहे."

"एकटा कसला? ताट रिकामं नेलं तिने. जेवला होता की चांगला!"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. काकूंना हसू आलं नाही, सणसणून राग आला. आणि रागापेक्षा जास्त भीती वाटली. उद्या आपण गेलो, तर पुढच्या वर्षी हे इथेच उभं राहून तुटलेपणावर बोलतील, आणि मंडळी माना डोलावतील.

वाटेत त्यांनी विचारलंच. "मी लेकीकडे जाऊ, की राहू?"

"हं," सर म्हणाले. "तुझ्या त्या प्रश्नाने चर्चेचा सूरच बिघडला बघ."

घरी आल्यावर सर खिडकीशी बसले. काकूंनी ताट वाढून समोर ठेवलं आणि तिथेच उभं राहून लेकीला फोन लावला.

"येते गं मी उद्या. कायमची. नाही, बाबांचं काही अडणार नाही. त्यांना पुढचा भाग पाठ आहे."