दोन फवाऱ्यांमधला श्वास

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ती काचा घासायची. चाक फिरत असताना फोनला हात लावायचा नाही, हा मालकांचा नियम. पण संध्याकाळी फोन थरथरला की ती चाक थांबवायचीच.

"आलं का फर्मान?" मालक पडद्याआडून विचारायचे.

"आलं."

फर्मान एका ओळीचं असायचं: औषध घेतलं, दोन फवारे. ते यायचं तिच्या लेकीच्या, ठमीच्या, दम्याच्या पंपावर बसवलेल्या बोटभर डबीकडून. छातीच्या डॉक्टरांनी शाळकरी मुलांवर एक अभ्यास चालवला होता. पंप दाबला की डबी ठमीच्या फोनला कळवायची आणि ठमीने परवानगी दिलेल्या दोन मोठ्या माणसांना तो फोन. एक अर्थातच बाबा. ठमी त्यांच्याकडेच राहायची. दुसरं नाव तिने आईचं का टाकलं, ते आईने विचारलं नव्हतं. आईने घर सोडल्यापासून लेक तिचा फोन उचलत नव्हती. उगाच विचारायला जावं आणि नावच जावं, ही धास्ती. त्या एका ओळीवर ती दिवस काढत होती. आता केस मागे सारले असतील, आता खिडकीशी उभी असेल, असं मनाशी जुळवत बसायची.

ओळीवर बोट ठेवलं की फवाऱ्यांच्या वेळा दिसायच्या. हल्ली दोन्ही फवारे एकमेकांना चिकटून येत होते. ठमी लहान असताना तिनेच शिकवलं होतं: ओढायचा, श्वास कोंडायचा, सावकाश सोडायचा, जरा थांबायचं, मग दुसरा. मध्ये श्वासालाच उसंत नसेल, तर औषध छातीत जात नव्हतं, हवेत जात होतं. डबीला बोटाचा दाब कळतो, श्वास कळत नाही. बाबा ओळीपुढची हिरवी खूण बघून निर्धास्त असणार.

"काचेवर ओरखडा आलाय," मालक म्हणाले. "लक्ष कुठंय बाई?"

तिने ठमीला निरोप धाडला: पंप हवेत मारतेस, मला कळतंय.

लगेच फोन आला.

"तू माझे सेकंद मोजतेस?"

"मोजते."

"डॉक्टर झालीस वाटतं."

"का मारतेस हवेत?"

"तुला काय करायचंय? तू गेलीस ना?"

"गेले. औषध नीट घे, ठमे. मी बाबांना सांगणार आहे."

"सांग. तुझं नाव उडवते मी."

"उडव," ती म्हणाली. "पण श्वास ओढ."

बाबांना तिने सगळं कळवलं. 'बघतो,' एवढंच उत्तर आलं. संध्याकाळी फोन थरथरला: ही माहिती आता तुम्हाला दिसणार नाही. त्यानंतर चाक मध्ये थांबेनासं झालं. मालकांनीही विचारणं सोडलं. फोन मात्र ती अजून डोळ्यांसमोर ठेवायची.

एका दुपारी तो वाजला. आवाज इतका घोगरा की तिला पटकन ओळखूच येईना.

"झालं समाधान? बाबा समोर उभे राहून घ्यायला लावतात. ऐक, काय दशा झालीय. पंपाने घसा बसतो माझा. समूहगीतात माझी एकटीची ओळ होती, ती दुसरीला दिली."

"तू गातेस?"

"तू गेल्यापासून."

वर्षभर तिला फवारे कळत होते, गाणं कळलं नव्हतं.

"औषधानंतर गुळण्या करतेस का?"

"कसल्या?"

"साध्या पाण्याच्या. औषध घशाला चिकटून राहतं. आणि पंपाच्या तोंडाला ते डॉक्टरांनी दिलेलं जाड नळकांडं जोडत जा, घशात कमी बसेल. तरी आवाज सुटला नाही, तर डॉक्टरांना सांग. गाते म्हणावं."

"ते धूड? दप्तरात मावत नाही."

"घरी घ्यायचं औषध दप्तरात कशाला नेतेस?"

"हं."

"कुठली ओळ होती?"

"तुला कशाला?"

"ऐकायची होती."

"आत्ता भसाडी येईल."

"मला चालेल."

"मला नाही चालणार," ठमी म्हणाली. पण फोन तिने ठेवला नाही. पलीकडे तिचा श्वास ऐकू येत होता, मोकळा, शिट्टी नसलेला. आईने हात लांब करून चाक बंद केलं आणि फोन कानाशी आणखी दाबून धरला.