दोन माणसांचं माप

रात्रभर गाडीच्या तेलाच्या चेंबरमध्ये रॉकेल भरून ठेवलं होतं आणि बाहेरून सांध्यांवर खडूची पूड फासली होती. केसाएवढी जरी फट असती तरी खडू ओला झाला असता. सकाळी फोरमननी बोट फिरवून पाहिलं, खडू कोरडा ठणठणीत. "जमलं," ते म्हणाले. ऐकायला कुणी नव्हतं, पण बायको गेल्यावरही त्यांनी तेवढ्यासाठी बोलणं काही थांबवलं नव्हतं.

कारखाना सुटून वर्षं लोटली तरी गल्ली त्यांना फोरमनच म्हणायची. घरामागच्या गॅरेजमध्ये ते स्वतःच्या हातांनी एक स्पोर्ट्स कार बांधत होते. बुटकी, बिनछपराची, दोन सीटची. इंजिन मात्र भंगारातल्या एका थोराड गाडीचं, म्हणजे कोंबडीच्या खुराड्यात उंट. बॉनेट लागेना म्हणून इंजिन खाली घेतलं, तर त्याच्या बुडाशी असलेलं तेलाचं चेंबर रस्त्याला टेकायला आलं. शेवटी त्यांनी चेंबरचा तळ कापून ते उथळ केलं आणि तेल कमी पडू नये म्हणून दोन्ही बाजूंना पत्र्याचे खिसे जोडले. पोट कापून कुशी वाढवल्या म्हणा ना.

रविवारी लेक यायची होती. बाबा, असं एकट्याने राहण्यात काही अर्थ नाही, आमच्याकडे चला, हे ती फोनवर इतक्यांदा बोलली होती की आता समोर बसून बोलायला येत होती. फोरमनचं उत्तर ठरलेलं असायचं: मी एकटा कुठे आहे, गाडीपुढे मला दिवस पुरत नाही. लेकीचं घर दूरच्या शहरात, वरच्या मजल्यावर. तिथे जायचं म्हणजे गाडी सोडायची, आणि गाडी सोडल्यावर सकाळी उठायचं कशासाठी, ते त्यांना सुचत नव्हतं. म्हणून त्यांनी मनाशी बेत केला, की वाद घालायचाच नाही. पोरीला एक चक्कर मारून आणायची, पुढचं गाडीच बोलेल.

चेंबर बसलं, गाडी चालू झाली. आठवडाभर ते रोज कोपऱ्यावरच्या गतिरोधकावरून गाडी नेऊन आणत होते. चेंबर एकदाही टेकलं नाही.

लेक आली. तिने फ्रिज उघडून पाहिला, ओट्यावर पालथं घातलेलं एकच ताट पाहिलं. जेवणं झाल्यावर फोरमननी तिला गाडीत बसवलं. गल्ली संपेपर्यंत वाऱ्याने तिचे केस विस्कटले आणि ती शाळेतल्यासारखी हसायला लागली. जिंकलो, फोरमनना वाटलं. तेवढ्यात गतिरोधक आला. पुढची चाकं चढून उतरली आणि बुडाशी लोखंड खरवडल्याचा आवाज झाला.

त्यांनी तिथल्या तिथे इंजिन बंद केलं. खाली तेलाची धार लागली होती. दोघांनी ढकलत गाडी घरी आणली.

"रोज जातो मी तिथून," फोरमन दम खात म्हणाले.

"मग आज काय झालं?"

शिकाऊ कामगाराला समजवावं तसं ते सांगू लागले. वजन पडलं की स्प्रिंगा दबतात, गाडी बसते. म्हणून चेंबर रस्त्यापासून किती वर आहे, ते माप कधी रिकाम्या गाडीचं घेऊ नये. मीही नाही घेतलं. माझ्या वजनाएवढी वाळूची पोती ठेवली होती माझ्या सीटवर, आणि...

ते मध्येच थांबले.

"आणि माझ्या सीटवर?" लेकीने विचारलं.

त्या सीटवर नट आवळायचे पाने होते, आणि हात पुसायचं फडकं.

पूर्वी माप घ्यायचं म्हटलं की बायको भाजीची परात मांडीवर घेऊन त्या सीटवर येऊन बसायची. ती गेल्यावर फोरमन सगळी मापं एकट्याने घ्यायला शिकले, आणि इतके पक्के शिकले की गाडी दोघांची आहे हेच विसरले. त्यांना लाज वाटली. काम चुकल्याची होतीच, पण फोनवर इतके दिवस मारलेल्या बाता लेकीसमोर उघड्या पडल्या, त्याची जास्त. लेकीचे डोळे भरून आले. धूळ गेली, ती म्हणाली.

"माझी बस संध्याकाळी आहे," ती पुढे म्हणाली. "तोवर माप घेऊन टाका. मी बसते."

फोरमननी पोती आपल्या सीटवर चढवली, लेक शेजारी बसली. गॅरेजमध्ये दुरुस्तीसाठी खणलेल्या खड्ड्यात उतरून त्यांनी गाडीखाली आडवी पट्टी टाकली आणि टेप लावला. चेंबर आणखी बोटभर उथळ करावं लागणार होतं. माप घ्यायला काय, क्षणभर पुरे.

वरून लेक हळूच म्हणाली, "बाबा, याल ना आमच्याकडे?"

नेहमीचं उत्तर फोरमनच्या ओठांवर आलं आणि तिथेच अडलं. डोक्यावर सीट करकरली.

"झालं का? उतरू मी?"

टेप केव्हाच गुंडाळून त्यांच्या खिशात गेला होता.

"नाही अजून," फोरमन खड्ड्यातून म्हणाले. "हलू नकोस. बसून राहा जरा."