खटका बिघडलाय

मी फरशी पुसायचा दांडा बोलतोय. नुसता दांडा म्हटलं तर न्हाणीघराच्या कोपऱ्यात भिजत पडलेली कुठलीही काठी तुमच्या डोळ्यांसमोर येईल, म्हणून थोडं नीट सांगतो. वर अॅल्युमिनियमचा पाइप, खाली पत्र्याचा जबडा आणि त्या जबड्यात धरलेला सुती दोऱ्यांचा झुपका. जबड्याच्या मागं जिभेसारखी एक पट्टी बाहेर आलेली आहे. तिच्यावर पाय ठेवला की खटका सुटतो, जबडा उघडतो आणि मळका झुपका आपोआप गळून पडतो. मग धुतलेला झुपका जमिनीवर ठेवायचा आणि मला त्याच्यावर उभं धरून दाबायचं. खट् असा आवाज आला की झालं. वाकायचं नाही, घाणीत बोटं घालायची नाहीत आणि मुख्य म्हणजे दुसरा हात लागत नाही.

दुसरा हात लागू नये, एवढ्याचसाठी माझा जन्म झाला.

माझे मालक अनंतराव. पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. शहरातल्या औरंगपुऱ्यातली भाड्याची जागा सोडून ते शहराच्या कडेला असलेल्या सातारा परिसरात स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, तेव्हा खिडकीतून डोंगर दिसायचा म्हणे. मी आलो तोवर डोंगरासमोर इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी नव्या इमारतींचे खड्डे खणणं चालू होतं. सिमेंटची धूळ दिवसभर घरात यायची. धूळ भरपूर आणि पाणी नाही, असे ते दिवस. ओळीनं दोन पावसाळे कोरडे गेले होते. इमारतीची बोअर आटली होती आणि सगळे टँकरकडं डोळे लावून बसायचे. अनंतराव रोज सकाळी पेपर उघडून आधी जायकवाडीचा पाणीसाठा वाचायचे आणि पेपर घडी करून ठेवायचे. त्यावर बोलायला समोर कुणी नसायचं. पत्नी यमुनाबाई आदल्या वर्षी गेल्या होत्या. एकुलती मुलगी वैदेही वाळूजच्या एका कारखान्यात साच्यांची डिझाइनं करायची. ती सकाळी जायची ती दिवेलागणीनंतरच यायची.

यमुनाबाई गेल्यावर काही महिन्यांतच अनंतरावांना पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला, बोलणंही शाबूत राहिलं, पण डावा हात लुळा पडला आणि डावा पाय ओढत टाकावा लागू लागला. डॉक्टरांनी काठी घ्यायला सांगितली. वैदेहीनं काठी आणली. ती दाराआड तशीच राहिली.

त्याऐवजी एक दिवस त्यांनी सरूबाईंना सांगितलं, "उद्यापासून फरशी मी पुसत जाईन. तुम्ही फक्त भांडी आणि पोळ्या बघा."

सरूबाई यमुनाबाईंच्या वेळेपासून कामाला येणाऱ्या. त्या म्हणाल्या, "काका, म्या असताना तुमी कशाला? लोक काय म्हणतील?"

"लोक बघायला येतात कुठं," अनंतराव म्हणाले.

त्यांच्या मनातलं मला पुढं कळलं, कारण त्यांचा सगळा भार माझ्याच खांद्यावर असायचा. काठी धरलेला माणूस म्हातारा दिसतो. दांडा धरलेला माणूस कामात दिसतो. घरभर आधार धरून फिरता येतं आणि कुणाला आधार घेतल्यासारखं वाटत नाही.

पण तेव्हाचा दांडा माझ्याआधीचा, बाजारातला साधा. त्याचा झुपका एका चिमटीच्या नटानं घट्ट केलेला. पाणी इतकं कमी की झुपका सारखा खळबळून घेणं परवडायचं नाही. म्हणून कपडे विसळलेल्या पाण्यात झुपके ओले करून ठेवायचे, प्रत्येक खोलीला वेगळा लावायचा आणि टँकर आला की सगळे एकदम धुवायचे. म्हणजे रोज पुन्हापुन्हा तो गंजलेला नट सोडवणं आलं. एका हातानं.

एका संध्याकाळी वैदेही लवकर घरी आली. अनंतराव मोरीत जमिनीवर बसलेले. दांडा गुडघ्यांत आवळून धरलेला, उजव्या हाताच्या बोटांनी नट फिरवायची धडपड चाललेली, पायजम्यावर सगळं काळं पाणी. तिला बघून ते एकदम थांबले. तीही दारातच थांबली. मग म्हणाली, "चहा ठेवते," आणि आत गेली. चहा पिताना दोघांपैकी कुणी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्या घरात न बोलण्याची सवय सगळ्यांनाच होती. बोलायचं काम बहुतेक यमुनाबाईंकडंच असावं.

त्यानंतर वैदेही जेवणं झाली की कागद घेऊन बसायला लागली. कारखान्यातल्या टूलरूममध्ये सखाराम नावाचा जुना कारागीर होता. त्याच्याकडून तिनं सुट्टीच्या वेळात पत्रा कापून, वाकवून घेतला. पहिला जबडा पुसता पुसताच उघडायचा. दुसरा इतका कडक झाला की तिनं स्वतः दोन्ही पायांनी उभं राहावं तेव्हा सुटे. तिला तो असा हवा होता की वडिलांनी ओढता डावा पाय नुसता वर ठेवला तरी सुटावा, पण त्याआधी नाही. शेवटी सखारामनं मोपेडच्या स्टँडची जुनी स्प्रिंग कापून बसवली, तिनं खटक्यासाठी पातळ पत्रा घेतला आणि मी जमलो.

मला घेऊन ती घरी आली तेव्हा तिचा चेहरा उजळलेला होता. अनंतरावांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हे काय?"

"मॉपचा होल्डर. पायानं सुटतो. बघा."

तिनं करून दाखवलं. ते म्हणाले, "अपंगांसाठी आहे का?"

"सगळ्यांसाठी आहे, बाबा."

"बरं. ठेव तिकडं."

मला दाराआड, त्या काठीशेजारी उभं केलं. बरेच दिवस मी तिथंच होतो. नवं असून कुणाला नको असणं म्हणजे काय, ते मी तिथं शिकलो. सुटका केली ती सरूबाईंनी. बाल्कनीत पाणी सांडलं म्हणून त्यांनी हाताला आला तो दांडा उचलला, म्हणजे मला. काम झाल्यावर पट्टीवर पाय ठेवला आणि झुपका पडलेला बघून स्वतःशीच हसल्या. "काका, ह्येच्या झिपऱ्या बघा, आपोआप गळायल्या. लई सोपं केलंय की ताईनं."

त्या गेल्यावर अनंतराव आले. दाराची कडी लावली. मला हातात घेतलं, माझ्यावर भार टाकला आणि ओढता पाय पट्टीवर ठेवला. झुपका पडला. दाबलं, खट्. पुन्हा पाय, पुन्हा खट्. कितीतरी वेळ ते तेच करत राहिले. रिकाम्या घरात तेवढाच आवाज होता. वैदेही आली तेव्हा फरशी लखलखत होती. ती पुसायला काय वापरलं, ते तिनं विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. पण त्या दिवशी तिला पोळीवर तूप त्यांनी स्वतः वाढलं.

पुढं तिला पुण्याला घरगुती वस्तू तयार करणाऱ्या एका कंपनीत नोकरी मिळाली. ती घ्यावी की नाही, याचा घोळ ती बरेच दिवस घालत होती.

"तुमचं कसं होईल?"

"माझं काय होतंय? फरशी पुसतो, पेपर वाचतो. सरूबाई आहेत. जा तू."

ती गेली. तिच्या खोलीत पाऊल टाकायला आता कुणी नव्हतं, तरी अनंतराव ती खोली रोज पुसायचे, आणि तिथं लावायला सगळ्यांत स्वच्छ झुपका राखून ठेवायचे. संध्याकाळी फोन यायचा.

"जेवलात का?"

"हो."

"पाणी आलं?"

"टँकर येऊन गेला."

"बाकी?"

"बाकी काय. ठीक."

फोन ठेवल्यावर ते बराच वेळ तो हातातच धरून बसायचे. 'ये' हा एवढासा शब्द, पण तो त्यांच्या तोंडून निघाल्याचं मी कधी ऐकलं नाही.

मग माझी स्प्रिंग तुटली. खरोखरच तुटली, जुनीच होती ती. फोनवर त्यांनी सांगितलं, "अगं, तो तुझा खटका बिघडलाय." पुढच्याच रविवारी सकाळच्या गाडीनं वैदेही हजर. तिनं नवी स्प्रिंग बसवली, वरणभात खाल्ला, दुपारी आपल्या खोलीत झोपली. ती झोपली असताना अनंतराव बाहेर पाय न वाजवता फिरत होते आणि काहीतरी गुणगुणत होते. मी त्यांना गुणगुणताना पहिल्यांदाच ऐकलं.

काही आठवडे गेले. एका दुपारी त्यांनी हत्यारांच्या डब्यातून पकड काढली, जमिनीवर बसले, मला गुडघ्यांत आवळलं आणि माझा खटका पकडीत धरून पिळला. एका हातानं ते सोपं नव्हतं. त्यांना घाम फुटला. मला दुखलं म्हणत नाही, पण चांगल्या वस्तूला आपण चांगले आहोत हे कळत असतं. सरूबाई ओट्याशी होत्या. त्यांनी वळून पाहिलं.

"काका, काय करायलात?"

"खटका बसवतोय."

"बसवायलात व्हय," त्या म्हणाल्या आणि परत भांडी घासायला लागल्या.

संध्याकाळी फोनवर तेच वाक्य. रविवारी वैदेही. असं पुन्हा घडलं, आणि पुन्हा. माझ्या खटक्यावर पकडीच्या दातांचे ओरखडे उमटत गेले. एकदा ती मला उजेडात धरून त्या ओरखड्यांवरून बोट फिरवत राहिली. खुर्चीत बसलेल्या अनंतरावांनी पेपर तोंडासमोर धरला. मला वाटलं, आता ती बोलणार आणि हे संपणार. तिनं कानस घेतली आणि ओरखडे घासून गुळगुळीत केले.

"पत्रा पातळ आहे, बाबा," ती म्हणाली. "वाकणारच. मला अधूनमधून बघायला यावं लागेल."

पेपरामागून आवाज आला, "तुला उगाच हेलपाटा."

"असू दे."

ती ज्या कंपनीत होती तिथं जाड पत्रा मिळत नव्हता, असं थोडंच आहे?

अनंतरावांना दुसरा झटका आला तो त्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला. या वेळी त्यांनी अंथरूण धरलं. बोलणं जड झालं. वैदेही रजा टाकून राहिली. पुण्याला चला म्हणाली, तर त्यांनी मान हलवून नको म्हटलं. रजा संपली तेव्हा सरूबाईंनी दिवसभर थांबायचं कबूल केलं आणि ती परत गेली. आता फरशी सरूबाई पुसायच्या. त्यांच्या हातात माझं कधी काही बिघडलं नाही.

एका सकाळी सरूबाईंनी फोन अनंतरावांच्या कानाशी धरला. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला. "खटका... बिघडलाय."

सरूबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीला टेकून उभा होतो, नुकताच झुपका बदललेला, अगदी ठणठणीत. मग त्यांनी फोन स्वतःच्या कानाला लावला. "व्हय ताई. लई घट झालाय. माझ्यानं सुटंना. तुमीच या."

वैदेही आली. आधी वडिलांजवळ बसली, मग बाल्कनीत येऊन मला हातात घेतलं. पट्टीवर पाय ठेवला. झुपका पडला. दाबलं, खट्. पुन्हा केलं. मग मला धरून ती समोरच्या अर्धवट इमारतीकडं बघत उभी राहिली. थोड्या वेळानं आत जाऊन तिनं पकड आणली, खाली बसली आणि माझा खटका तिनं स्वतःच्या हातानं वाकवला. स्वयंपाकघराच्या दारातून सरूबाई बघत होत्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

मला, हातोडी आणि कानस घेऊन वैदेही पलंगाजवळ जमिनीवर बसली. "बघा बाबा, केवढा वाकलाय."

त्यांनी उजवा हात खाली सोडला आणि वाकलेला खटका चाचपला. चेहऱ्यावर गोंधळ दिसला. बऱ्याच प्रयत्नानं ते म्हणाले, "या वेळी... मी... नाही केला."

"माहितीये," वैदेही म्हणाली. "या वेळी मी केलाय."

मग त्यांचा अर्धा चेहरा हसला. दुसऱ्या अर्ध्याला हसता येत नव्हतं, त्या डोळ्यातून पाणी आलं. ती खटका ठोकत बसली. काम थोडंसंच होतं, पण तिनं ते संध्याकाळपर्यंत पुरवलं. दोघं अधूनमधून बोलत होते, यमुनाबाईंबद्दल, औरंगपुऱ्यातल्या जुन्या जागेबद्दल. एवढं बोलणं त्या घरात मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

अनंतराव पाऊस सुरू व्हायच्या आत गेले. त्या वर्षी पाऊस चांगला झाला. जायकवाडीत किती पाणी आलं, ते वाचायला पेपर येईनासा झाला होता.

आता घर बंद असतं. वैदेहीच्या कंपनीनं माझ्यासारखे दांडे काढलेत, रंगीत, देखणे. त्यांचा खटका जाड पोलादाचा आहे. तो वाकत नाही. ते डिझाइन तिचंच आहे, आणि तिनं ते चोख केलं असणार. मी मात्र इथंच आहे. ती कधीतरी येते, खिडक्या उघडते, प्रत्येक खोली माझ्यानं पुसते, आणि जाताना मला भिंतीला टेकवून ठेवते. कुलूप लागतं. समोरच्या इमारतीत आता लोक राहायला आलेत. त्यांच्या घरातले आवाज ऐकत मी दिवस काढतो. माझ्यावर पुन्हा धूळ साचत जाते. बिघाड म्हणाल तर काही नाही.

तुमच्याकडं माझं एवढंच मागणं आहे. घरून कधी फोन आला, नळ गळतोय, पंखा वाजतोय, खटका लागत नाही, तर काय करायचं ते फोनवर सांगू नका. पकड घ्या आणि जा.